पॅरामॅटाच्या लग्ननोंदी : आयरिश कैद्यांवरच्या पुस्तिकेचं काम

४ फेब्रुवारी २०२४

मंडळाच्या बैठकीत एकदाचं ठरलं. जूनमधल्या वारसा फेरीसाठी मराठी पुस्तिका काढायची. विषय मी सुचवला होता, त्यामुळे लिहिणंही माझ्याकडेच आलं. सिडनीजवळच्या पॅरामॅटाची फीमेल फॅक्टरी, म्हणजे कैदी बायकांना ठेवायची जागा, तिथल्या आयरिश कैदी बायका आणि त्यांची लग्नं. तक्ते आणि मांडणी मैत्रीण बघणार. ऑफिसात तिचं दिवसभराचं कामच ते.

एका काकांनी विचारलं, आयरिश लोकांचं आपल्याला काय? प्रश्न मनापासून होता. मी म्हटलं, काका, आपण दर शनिवारी ज्या हॅरिस पार्कला भाजी-मसाला आणायला जातो, ते नाव डॉ. जॉन हॅरिसचं. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमधून आलेला लष्करी सर्जन. १७९३ मध्ये त्याने तिथलं शेत ४० पौंडांना घेतलं. तो सरकारी नोकर म्हणून आला, बाकीचे हजारो बेड्यांत आले. आपण राहतो ती वस्ती त्यांच्या हातांनी उभी राहिली, आणि त्याआधी ती जमीन बुरामॅटागल लोकांची होती. काका म्हणाले, मग लिही.

७ फेब्रुवारी

आकडे आधी पक्के केले. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ब्रिटिश सरकारने सुमारे १ लाख ६२ हजार कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले. थेट आयर्लंडमधून निघालेले सुमारे ४० हजार. बायका एकूण सुमारे २५ हजार, त्यातल्या आयर्लंडच्या सुमारे ९ हजार. म्हणजे सगळ्या कैद्यांत आयरिश चौथा हिस्सा, पण बायकांत तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त. पुस्तिका बायकांवर का, याचं उत्तर इथेच मिळालं.

शिक्षा सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मठेप. पण परतीचं भाडं सरकार देत नसे. सात वर्षांची शिक्षा झालेल्या बाईलाही व्यवहारात जन्मठेपच. 'काळं पाणी' म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. अंदमानची वसाहत १८५८ ची, आणि तोवर इंग्रजांच्या हाताला या कामाची ७० वर्षांची सवय झालेली होती. तिथेही कैद्यांची लग्नं सरकारी परवानगीने लागत. अंदमानातला 'लोकल बॉर्न' समाज त्याच जोडप्यांचा वंश.

थेट आयर्लंडहून आलेलं पहिलं जहाज 'क्वीन', १७९१ मध्ये कॉर्कहून. कैद्यांच्या शिक्षेचे कागद त्यासोबत आलेच नाहीत. आपली मुदत संपली हे सांगायला माणूस होता, सिद्ध करायला कागद नव्हता. हे वाचून बराच वेळ पुढचं काही लिहवेना.

१८ फेब्रुवारी

कामाची पद्धत ठरली. तीन ठिकाणच्या नोंदी एका ओळीत आणायच्या: जहाजाची कैदीयादी, लग्नाचा अर्ज, आणि चर्चची वही. मधला दुवा सगळ्यात मोलाचा. कैद्याला लग्न करायचं तर गव्हर्नरची परवानगी लागे, आणि न्यू साउथ वेल्सच्या अभिलेखागारात १८२६ ते १८५१ च्या अशा अर्जांच्या वह्या आहेत. नाव, वय, जहाज, शिक्षा, बंदी की मुक्त, पाद्री कोण, परवानगी दिली की नाकारली. एका लग्नाला दोन ओळी, वर नवरा, खाली बायको.

पाद्रीचा रकाना बघून जोडपं कुठल्या चर्चचं याचा अंदाज येतो. एक्सेलमध्ये आम्ही रकाने जसेच्या तसे ठेवलेत. नवरा, बायको, जहाज, पाद्री, निकाल.

२५ फेब्रुवारी

आठवडाभराचं काम परत करावं लागलं, आणि चूक माझी. मेरी बायर्न नावाच्या दोन बायका मी एकच धरल्या. वय जुळत होतं, जिल्हाही एकच, विक्लो. जहाजं वेगळी होती, आणि मी तिकडे लक्षच दिलं नाही. एकीचं लग्न दुसरीच्या खात्यावर चढलं, दुसरीच्या लेकरांना भलतीच आई मिळाली. मैत्रिणीने ताळा करताना पकडलं, नाहीतर तसंच छापून गेलं असतं.

आता जहाजाचा रकाना सगळ्यात आधी. तेव्हाचे कारकूनही हेच करत: नाव आणि पुढे 'अमुक जहाजाने आलेली'. आपल्याकडे लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं. या बायकांचं चर्चमध्ये बदललं तरी सरकारी कागदावर बहुधा तेच राहिलं, माहेरचं नाव आणि जहाज. पंधरा वर्षं संसार केलेली, चार लेकरांची आईसुद्धा सरकारदरबारी त्या जहाजाचीच.

नावांच्या रूपांची यादी वेगळी करतेय. ब्रिजेट म्हणजेच बिडी. ऑनोरा, हॅनोरा, नोरा एकच. ओ'ब्रायनचा ओ कारकुनाच्या मर्जीवर. आयर्लंडच्या मन्स्टर आणि कॉनॉट प्रांतांतल्या कितीतरी जणी घरी आयरिशच बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलेलं नाव इंग्रज कारकुनाने कानाला पडलं तसं लिहिलं.

२ मार्च

आज फॅक्टरीच्या आवारात जाऊन आलो. नदीकाठ, जुनी झाडं, वाळूच्या दगडाच्या भिंती. मुख्य तीन मजली इमारत आता नाही, बाजूच्या काही इमारती आणि भिंती आहेत. आराखडा फ्रान्सिस ग्रीनवेचा, तो स्वतः शिक्षा होऊन आलेला. पायाभरणी १८१८ मध्ये गव्हर्नर मॅक्वारीच्या हस्ते, वापर १८२१ पासून.

'फॅक्टरी' हा शब्द आपल्या वाचकाला फसवेल. इथे बायका जाड लोकरीचं कापड विणत, म्हणून फॅक्टरी. पण हाच तुरुंग, हेच बाळंतपणाचं ठिकाण, नोकरीवरून परत पाठवलेलीला ठेवायची जागाही हीच. तीन वर्ग होते. पहिल्या वर्गातलीला घरकामाला पाठवता येई आणि तिला लग्न करता येई. तिसरा वर्ग शिक्षेचा, तिथे डोक्यावरचे केस कापत. मी तिसऱ्या वर्गाच्या भिंतीला हात लावून उभी राहिले. छिन्नीचे घाव अजून बोटांना लागतात. केस कापले तेव्हा बायकांनी किती आकांत केला असेल, हे आपल्याकडच्या केशवपनाच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

लग्न ठरवायची रीत त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवली आहे. बायको हवी असलेला माणूस परवाना घेऊन यायचा, पहिल्या वर्गातल्या बायका रांगेत उभ्या राहायच्या. तो पसंत पडेल तिच्यापुढे रुमाल टाकायचा. तिने उचलला तर होकार. मैत्रीण म्हणाली, हा गुरांचा बाजार झाला. हो. पण रुमाल न उचलायची मुभा होती, आणि ती वापरणाऱ्या बायकाही होत्या. बाहेर पडायचा दुसरा रस्ता नव्हता अशा जागी ही एवढी मुभा किती मोठी वाटली असेल, ते पुस्तिकेत नीट यायला हवं.

१८२७ च्या ऑक्टोबरमध्ये भाकरी आणि साखरेचा शिधा कापला तेव्हा याच बायका दार फोडून गावात शिरल्या आणि पाव उचलून घेऊन गेल्या. त्यांना परत आणायला सैनिक पाठवावे लागले. फेरीत हा थांबा दरवाजापाशीच घ्यायचा.

५ मार्च

काल-आज तारखेचा योग. १८०४ मध्ये ४ मार्चच्या रात्री कॅसल हिलच्या आयरिश कैद्यांनी बंड केलं आणि ५ तारखेला ते मोडलं. पुढारी फिलिप कनिंगहॅमला फासावर चढवलं. लग्नांच्या पुस्तिकेत बंड कशाला? कारण बंडाची किंमत जोडप्यांनीही मोजली.

फादर जेम्स डिक्सन हा वेक्सफर्डचा पाद्री आयर्लंडातल्या १७९८ च्या इंग्रजविरोधी उठावापायी शिक्षा होऊन आला होता. १५ मे १८०३ ला सिडनीत त्याने पहिली परवानगीची मास, म्हणजे कॅथलिक उपासना, केली. जेमतेम वर्षभर हे चाललं. बंडानंतर परवानगी काढून घेतली. पुढे १८२० मध्ये जॉन जोसेफ थेरी आणि फिलिप कॉनॉली हे दोन पाद्री अधिकृतपणे येईपर्यंत आयरिश कॅथलिकांना आपल्या रीतीने लग्न लावायला सरकारमान्य माणूस नव्हता. पॅरामॅटाच्या अँग्लिकन पाद्र्याकडे, सॅम्युअल मार्स्डेनकडे जायचं, नाहीतर तसंच राहायचं. पुष्कळ तसेच राहिले. देवाच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेत नवरा-बायको, वहीत कोणीच नाही.

आणि १८०६ मध्ये याच मार्स्डेनने वसाहतीतल्या बायकांची यादी केली. रकाने दोनच: 'विवाहित' आणि दुसरा तो शब्द. पहिल्यात ३९५ बायका, दुसऱ्यात १,०३५. त्याने फक्त आपल्या चर्चची लग्नं मोजली. कॅथलिक पद्धतीने लग्न झालेली दुसऱ्या रकान्यात, ज्यू पद्धतीने झालेलीही दुसऱ्यात. ही यादी लंडनला गेली, आणि वसाहतीतल्या बायका म्हणजे बदफैली हे मत तिथून पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं.

६ मार्च

त्या दुसऱ्या शब्दाला मराठी काय लिहायचं यावर रात्री अकरापर्यंत फोन. कोश 'रखेल' देतो. मैत्रिणीचं म्हणणं, मूळ शब्द तसा असेल तर तसाच द्यावा, सौम्य करू नये. माझं म्हणणं, आपल्या भाषेत रखेल म्हटलं की तिला ठेवणारा एक धनी आला, घरी बसलेली लग्नाची बायको आली, पैसा आला. या बायका तशा नव्हत्या. एका खोपटात एकाच माणसाबरोबर पोरं वाढवणारी, शेतात त्याच्या बरोबरीने राबणारी बाई.

ठरलं असं: मार्स्डेनचा शब्द एकदाच, त्याच्या तोंडी, 'रखेली' म्हणून द्यायचा. त्यानंतर आमच्या वाक्यांत 'वहीत नसलेली बायको'. मैत्रीण पटून गप्प बसली की झोप आली म्हणून, ते उद्या विचारेन.

२४ मार्च

नाकारलेले अर्ज वाचतेय. सगळ्यात जास्त ठेच लागते ती एका कारणाला: जहाजाच्या यादीत 'विवाहित' असं लिहिलेलं आहे.

जहाजावर चढताना विचारलं, लग्न झालंय? भोळेपणाने हो म्हटलं. दहा वर्षांनी इथे कुणाशी संसार मांडायचा तर तोच 'हो' आडवा येतो. ही गोष्ट कैद्यांत पसरायला वेळ लागला नाही. नंतर कितीतरी जण जहाजावर 'अविवाहित' सांगू लागले, किंवा इथे आल्यावर जोडीदार वारल्याचं गावाकडचं पत्र दाखवू लागले. काही पत्रं खरी, काही लिहवून घेतलेली. त्यांना खोटारडे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इंग्लंडच्या १६०३ च्या कायद्यात जोडीदार सात वर्षं समुद्रापार असेल तर दुसऱ्या लग्नाचा गुन्हा लागत नसे, पण पहिलं लग्न तुटलंय असंही तो कायदा म्हणत नसे. कायद्याने मोकळं करायचं नाही आणि परत जायला भाडं द्यायचं नाही, अशा कात्रीत माणसाने काय करावं?

परवानगी मिळाली तरी पुढची तऱ्हा वेगळीच. स्वतंत्र बाईने कैद्याशी लग्न केलं तर तो तिच्याच ताब्यात कैदी म्हणून दिला जाऊ शकत असे. कैदी बाईने मुक्त माणसाशी केलं तर ती नवऱ्याकडे नेमलेली. 'माझा नवरा' आणि 'मला नेमून दिलेला कैदी' एकच माणूस.

७ एप्रिल

आज तक्त्याकडे बघताना लक्षात आलं की आम्हीही त्याच कारकुनांचे रकाने चालवतोय. नवरा, बायको, जहाज, पाद्री, निकाल. नाकारलेल्या प्रत्येक अर्जात आणखी एक माणूस आहे, आयर्लंडात. 'विवाहित' या एका शब्दापुरता. टिपेरेरीत, मेयोत, केरीत कुठेतरी बसलेली बाई, जिचा नवरा जिवंत आहे पण येणार नाही. आपल्याकडे परित्यक्ता म्हणतात, पण हिला त्याने टाकलेलीही नाही. विधवा नाही, सवाष्ण म्हणावं तर कुंकवाचा धनी सोळा हजार मैलांवर. तिथे उलटंही होतं: बायको शिक्षेवर गेली आणि नवरा लेकरांसह मागे.

नवा रकाना टाकला: 'मागे कोण'. माहिती मिळेल तिथे भरायची, नसेल तिथे मोकळा ठेवायचा. पण छापताना रकाना काढायचा नाही.

१४ एप्रिल

त्या रकान्यासाठी डब्लिनकडे वळले. १८३६ पूर्वीची हद्दपारीची रजिस्टरं १९२२ मध्ये तिथल्या न्यायालयाच्या इमारतीच्या, म्हणजे फोर कोर्ट्‌सच्या आगीत गेली. पण कैद्यांच्या दयेच्या अर्जांचे गठ्ठे डब्लिन कॅसलमध्ये होते म्हणून वाचले. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहतीला २०० वर्षं झाली तेव्हा आयर्लंड सरकारने या कागदांच्या सूक्ष्मपटाची आणि सूचीची भेट ऑस्ट्रेलियाला दिली. आज मी पॅरामॅटात स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून ती सूची चाळू शकते, ती त्यामुळे.

या गठ्ठ्यांत बायकांचे अर्ज आहेत. नवऱ्याची शिक्षा माफ करा, ते जमत नसेल तर मलाही त्याच्याबरोबर पाठवा. लिहिता न येणारी बाई अर्जनवीस गाठायची, त्याला चार पैसे द्यायची, खाली आपली फुली करायची. साधारण १८१७ पासून चांगल्या वागणुकीच्या कैद्याला बायको-मुलांना सरकारी खर्चाने बोलावून घेण्याचा अर्ज करता येई. म्हणजे दोन अर्ज दोन टोकांनी निघत आणि मध्ये समुद्र.

१३ मे

आज 'नेव्हा'चा दिवस. ८ जानेवारी १८३५ ला कॉर्कहून निघालेलं जहाज. १५० कैदी बायका, ९ स्वतंत्र बायका आणि ५५ मुलं. अशा जहाजांवरच्या स्वतंत्र बायका बहुधा नवऱ्याकडे निघालेल्या असत. १३ मेच्या पहाटे किंग बेटाजवळच्या खडकांवर जहाज फुटलं. शेवटी वाचले १५ जण, त्यातल्या ६ कैदी बायका. मूल एकही नाही.

पुस्तिकेत एक पान फक्त यासाठी. या पानावर चित्र नको, असं मैत्रीण म्हणाली आणि मी लगेच मानलं.

१९ मे

वेव्हर्लीच्या दफनभूमीत गेलो होतो. १७९८ चं स्मारक, पांढऱ्या संगमरवराचं, उंच क्रूस, समोर समुद्र. त्याच्या खाली त्या उठावातला विक्लोचा बंडखोर मायकल ड्वायर आणि त्याची बायको मेरी डॉइल. दोघांचे अवशेष १८९८ मध्ये शहरातून मिरवणुकीने इथे आणले. उठाव चालू असताना १७९८ मध्येच त्यांनी लग्न केलं, पाच वर्षं डोंगरात काढली, आणि १८०६ मध्ये 'टेलिचेरी' नावाच्या जहाजाने सिडनीला उतरले. टेलिचेरी म्हणजे केरळचं तलश्शेरी. ते नाव बघून मी क्षणभर थबकले.

ड्वायर १८२५ मध्ये वारला. आयर्लंडात ठेवलेली मुलं सिडनीला पोहोचली ती त्यानंतर. लोक स्मारकावर ड्वायरचं नाव वाचून पुढे जातात. मला मेरीपुढेच थांबावंसं वाटलं. नवऱ्यामागे ३५ वर्षं ती या गावात जगली, १८६० पर्यंत. 'मागे कोण' या रकान्यात तिच्यापुढे 'मुलं' लिहिलं.

थॉमस मीगरची ओळही आज भरली. आयर्लंडातल्या १८४८ च्या बंडाचा पुढारी, व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियात, पाठवलेला. १८५१ मध्ये त्याने एका कैद्याच्या मुलीशी, कॅथरीन बेनेटशी लग्न केलं. पुढच्या जानेवारीत तो अमेरिकेकडे निसटला तेव्हा ती गरोदर होती. बाळ चार महिन्यांचं होऊन गेलं, रिचमंडच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. कॅथरीन पुढे वॉटरफर्डला सासरी गेली आणि १८५४ मध्ये, ऐन विशीत, तिथेच वारली. इथे मागे राहणारी उलट्या टोकाची.

२६ मे

आयर्लंडात बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या दुष्काळाचं अर्धं पानच ठेवलं, कारण तोवर, १८४० मध्ये, न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं थांबलं होतं. दुष्काळातल्या कैदी बायका टास्मानियात, होबार्टच्या बाजूला गेल्या. पण एक गोष्ट गाळवत नाही. त्या वर्षांत आयर्लंडात कितीतरी बायकांनी मुद्दाम आग लावली, पकडल्या जाव्यात म्हणून. जहाजावर निदान पोटाला मिळेल. दुष्काळाच्या गोष्टी ऐकलेल्या माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने मान हलवली असती, बस.

२ जून

फेरीची रंगीत तालीम. नऊ जण होते. दरवाजा, तिसऱ्या वर्गाची भिंत, नदी. नदीपाशी मी तक्त्याचं पान वाचून दाखवलं. मंडळातल्या एक काकू, एरवी फारसं न बोलणाऱ्या, मध्येच म्हणाल्या, "अगं, इथे लग्नाला परवानगी दिली, तर तिकडे त्या बिचारीला कुणी कळवायचं का?"

मी वही उघडून पुन्हा रकाने वाचले. नाव, वय, जहाज, शिक्षा, बंदी की मुक्त, पाद्री, निकाल. कळवल्याचा रकाना नाही. काकूंना तसंच सांगितलं. त्या जरा वेळ नदीकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "हे पण लिही त्यात."

३ जून

लिहिलं. तक्त्याच्या खाली, एका ओळीत. मैत्रिणीने पान पुन्हा मांडलं. 'मागे कोण'च्या मोकळ्या चौकटी तशाच आहेत. उद्या छपाईला जातंय, १२० प्रती.